डबी बोलली, पैसे आले नाहीत

१

गोंदिया स्टेशनच्या चौकशी खिडकीत बसून मी सगळी नोकरी काढली. लोक विचारत, मी सांगत असे. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, चला, सुटले, आता आपल्याला कोणी काही विचारणार नाही. कशाचं काय! नात्यात कोणाचं काही हरवलं, कोणाचं कोणाशी बिनसलं, की पहिला फोन अल्काआत्याला. मीही आधी चिडते, मग साडी बदलते आणि निघते.

या खेपेला फोन रंजिताचा होता. रंजिता माझ्या भावाची मुलगी, तिरोड्याला राहते. धानाच्या तणसाची चित्रं करते. म्हणजे काडी उभी चिरायची, इस्त्री फिरवून सपाट करायची, तव्यावर कमीजास्त शेकून तिच्या निरनिराळ्या छटा काढायच्या आणि काळ्या कापडावर एकेक तुकडा डिंकाने बसवायचा. रंगाचा थेंब लावत नाही पोरगी. सारसांची जोडी करते, ध्यानस्थ बुद्ध करते, पिंपळाचं पान करते. 'सोनकाडी' नावाचं तिचं ऑनलाइन दुकान आहे आणि मला त्याचा इतका अभिमान आहे की ओळख नसलेल्यांनाही मी गाडीत फोन काढून चित्रं दाखवते.

"आत्या, आजच ये," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. जेवलीस का, कशी आहेस, काही नाही. मी दुपारची गाडी पकडली.

घरात शिरले तर रंजिता माजघरात, मांडीवर काळं कापड घेऊन, काही न करता बसलेली. समोरच्या फळीवर ती पैसे आले की बोलणारी डबी. हल्ली पानठेल्यावरही असते तसली. माझं पाणी पिऊन होतंय तोवर डबी बोललीसुद्धा, "तीनशे रुपये मिळाले."

"बरं चालू आहे की दुकान," मी म्हटलं.

"ते तीनशे खरे आहेत," रंजिता म्हणाली. "आठ-आठ हजाराची तीन मोठी सारसं गेली, आत्या. दर वेळी डबी बोलली, दर वेळी आम्ही पार्सल पाठवलं. परवा फ्रेमवाल्याचे पैसे द्यायले खातं उघडून पाहिलं, तर त्या तिन्हींतला एक रुपयाही जमा नाई."

"मग डबी खोटं बोलली?"

"डबी बोललीच नाई. संघदीपनं कंपनीत विचारलं. आठ हजार असं या डबीनं एकदाही म्हटलेलं नाई म्हणतात ते." तिने कापड बाजूला ठेवलं. "ऐकलं म्हणणारं माणूस एकच आहे. शामकलाकाकू."

२

शामकलाबाईंना मी चांगली ओळखते. शेजारचंच घर, नवऱ्याची ठेक्याची धानाची शेती. माझी वहिनी गेली तेव्हा रंजिता कॉलेजात होती. वर्षभर या घरची चूल शामकलाबाईने सांभाळली, स्वतःच्या घरचा स्वयंपाक उरकून. रंजिताने पहिलं चित्र केलं ते तिच्याच बांधीतल्या तणसाचं. दुकान निघालं तेव्हा फोन घेणं, पैसे आले का ऐकणं, मधल्या वेळात काड्या चिकटवणं आणि पार्सल बांधणं ही कामं तिने आपणहून ओढून घेतली.

"तू तिला विचारलंस?" मी रंजिताला म्हटलं.

"कसं विचारू? काही दिवस काम नाई, येऊ नका म्हटलं."

"आणि बाकी कोणाला बोललीस?"

तिने बाजूचं काळं कापड उगाच झटकलं. म्हणजे बोलली होती. मला राग आला, पण तिचे डोळे पाहून गिळला. आईसारख्या बाईवर संशय घेणं तिलाही सोपं गेलं नव्हतं. दोन दिवस तिच्या हातून एक काडी चिकटली नव्हती.

तेवढ्यात संघदीप आला. रंजिताचा धाकटा भाऊ. गावात कॉम्प्युटर क्लास चालवतो. दुकानाची वेबसाइट त्याची, डबी बसवली त्याने, खात्याचा पासवर्डही त्याच्याकडे. मी मनात त्याचंही नाव संशयितांत घातलं. भाचा असला म्हणून काय झालं?

"तू घरी होतास एकाही वेळेस?" मी विचारलं.

"दुसऱ्या सारसाच्या वेळेस होतो ना. ओसरीत होतो. काकू आत फोनवर बोलून राहिल्या होत्या आणि डबी बोलली. मी सोता ऐकलं."

रंजिता ताडकन वळली. "हे तू मले काऊन नाई सांगितलं?"

"तू विचारलंच कुठं? तू तर नाव ठरवूनच बसली."

"काय बोलली डबी?" मी विचारलं.

"का बोलंल? 'आठ हजार रुपये प्राप्त हुए.' रोजच्यासारखंच."

आता माझी पंचाईत झाली. कंपनी म्हणते डबी मुकी होती. भाचा म्हणतो बोलली. दोघांतलं एक तरी खोटं असणार, आणि कंपनीला खोटं बोलून काय मिळणार होतं?

३

उमेंद्र कुरिअरवाला संध्याकाळी पार्सलं न्यायला आला. तिशीतला गडी, बोलायला मोकळा. दारात नवी कोरी मोटारसायकल उभी केली तेव्हा रंजिताने माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं. मी त्याला चहा दिला.

"गाडी नवी का रे?"

"सासऱ्यानं दिली, मावशी. लग्नात देतो म्हणे, पोरगी पहिलीत गेली तेव्हा दिली."

रंजिताला हसू आलं आणि मोटारसायकलचा विषय तिथेच संपला.

"त्या मोठ्या सारसांची पार्सलं कुठं गेली?"

"नागपूरले. पण घरपोच नाई. गिऱ्हाईक म्हणे आमच्या ऑफिसातूनच घेऊन जाईन. तिन्ही वेळेस तसंच. हॉटेलवाले साहेब हायेत म्हणत."

"पत्ता न देणारा हॉटेलवाला," मी म्हटलं. "कसलं हॉटेल आहे, त्याचं त्यालाच ठाऊक. पार्सल न्यायला आलास तेव्हा तू काही ऐकलंस?"

"तिसऱ्या वेळी ऐकलं ना. मी अंगणात होतो, अन् डबीवाली बाई आतून खणखणीत बोलली. मी म्हटलं, वा, आज बाईचा गळा मोकळा झाला. एरवी तिचा आवाज ओसरीच्या पुढं येत नाई."

मी उठून डबी हातात घेतली. आवाजाची बटणं धूळ खाऊन बसली होती. कोणी कधी हात लावलेला दिसत नव्हता.

"रंजिता, शामकलाबाई फोन घ्यायची तेव्हा तो कुठं ठेवायची?"

"तिथंच. हात डिंकाचे असतात ना, फोन धरता येत नाई. स्पीकर लावून फळीवर ठेवायच्या. नीट ऐकू यावं म्हणून गंजात."

फळीवर डबीच्या शेजारी भात शिजवायचा लहानसा स्टीलचा गंज होता. आत पाहिलं, कोरडा ठणठणीत होता.

"उमेंद्र," मी म्हटलं, "तू जे ऐकलंस ते तिसरं माणूस म्हणून ऐकलंस. आता तिघं झाले."

"मग तिघंही मिळालेले आहेत म्हणायचं का?" रंजिता म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. घरातलं एकेक माणूस तिच्या हातून निसटत चाललं होतं.

४

सकाळी मी शामकलाबाईकडे गेले. अंगणात ती लाखोरीची भाजी खुडत बसली होती. मला पाहून उठली नाही, पण बाज दाखवली.

"चौकशीले आल्या का, अल्काताई?"

"हो," मी म्हटलं. तिच्यापुढे साखर पेरण्यात अर्थ नव्हता.

"विचारा मग. रंजितानं नाई विचारलं. तिनं संघदीपले सांगितलं, संघदीपनं कोणाले सांगितलं, मग साऱ्या मोहल्ल्यानं मले सांगितलं." तिच्या हाताचं खुडणं थांबलं नव्हतं. "त्या पोरीच्या डोक्याले मी तेल लावलं हो. अन् तिले वाटते मी तिची सारसं खाल्ली."

जरा वेळ मीही भाजी खुडू लागले. मग विचारलं, "तो हॉटेलवाला कसा बोलायचा?"

"गोड बोले. दीदी दीदी करे. हिंदीवाला होता, तर मीही हिंदीतच बोलली त्याच्याशी. म्हणे, 'दीदी, फोन मत रखना, अभी भेज रहा हूँ.' मी काडी चिकटवत राहिली. जराशानं डबी बोलली, 'आठ हजार रुपये प्राप्त हुए.' तो म्हणे, 'आ गया ना दीदी?' मी म्हटलं, 'हां साहब, आ गया.' अन् बांधलं पार्सल."

"तुमची पाठ डबीकडे?"

"खिडकीकडं तोंड करून बसतो ना मी. उजेड तिकडून येते."

"तिन्ही वेळेस असंच?"

"तिन्ही वेळेस. आज दुपारी पुन्हा फोन करतो म्हणे, चौथं पाहिजे. आता रंजिताच घेईल फोन. मी तर चालली देवरीले, लेकीकडं. दुपारच्या बसनं."

"किती दिवस?"

"आता तिकडंच." तिने भाजी सुपात घेतली. "तिचं दुकान तिले लखलाभ. ज्या घरात माणसं मले पाहून बोलणं थांबवतात, त्या घराची पायरी मी चढत नाई."

ती चिडून बोलली असती तर मी समजूत काढली असती. पण ती शांतपणे बोलत होती, आणि मला ठाऊक होतं की ही बाई गेली तर परत येणार नाही. दुपारच्या आत काही सुचलं नाही तर रंजिता सारसांबरोबर आपली दुसरी आईही घालवून बसणार होती.

५

डोकं चालेना तेव्हा मी तिरोडा स्टेशनवर जाऊन बसले. सवय, दुसरं काय. गाडीच्या आवाजात मला सुचतं. घरी सगळे बिचारं तोंड करून बसले होते.

चंद्रकुमारच्या टपरीवर चहा सांगितला. भोंगा बोलायला लागला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" झालं, मग "यात्रीगण कृपया ध्यान दें" झालं. नोकरीभर हे ऐकलेलं. एक बाई आधी मराठीत सांगते, मग तेच हिंदीत सांगते, आणि आमच्याकडचं माणूस दोन्ही ऐकून एकदाच ऐकल्यासारखं उठतं. कोणत्या भाषेत ऐकलंस म्हणून विचारलं तर त्याला सांगता यायचं नाही. गोंदियाकडे आम्ही भाजी हिंदीत घेतो, भांडण मराठीत करतो आणि घरी आल्यावर कोणतं कशात केलं ते विसरतो.

तेवढ्यात टपरीवरच्या कोणीतरी पैसे दिले आणि चंद्रकुमारची डबी बोलली, "बीस रुपये प्राप्त हुए."

कप माझ्या हातातच राहिला.

"चंद्रकुमार, ही डबी मराठी बोलते का?"

"बोलेल ना बाई, जी लावाल ती. मी हिंदी लावली. एका वेळी एकच बोलते."

मी स्वतःला मनातल्या मनात चांगल्या दोन शिव्या दिल्या. मी घरात शिरले तेव्हा रंजिताच्या डबीने माझ्या कानाशी काय म्हटलं होतं? आणि संघदीपने, शामकलाबाईने मला काय सांगितलं होतं? मी बसून ऐकलं, मान डोलावली आणि चहा प्यायले. चौकशी खिडकीतली बाई म्हणे!

मग मी कामाला लागले. माझ्या फोनवरून चंद्रकुमारला बाराशे रुपये पाठवले, डबी बोलली तो आवाज त्याच्याच फोनमध्ये भरून घेतला आणि पैसे रोख परत मागितले. त्यातून त्याने चहाचे कापले. पुढे काय करायचं ते त्याला समजावलं. तो खूश झाला. झाडीपट्टीच्या नाटकात एकदा हवालदार झाला होता म्हणे, त्यानंतर कोणी काम दिलं नव्हतं.

तिथून मी शामकलाबाईकडे गेले. ती थैली सायकलच्या कॅरियरला बांधून निघतच होती. "बसला वेळ आहे," मी म्हटलं. "माझ्यासाठी रंजिताच्या दारात नुसत्या उभ्या राहा. आत येऊ नका, बोलू नका. नंतर खुशाल जा."

६

रंजिता खिडकीकडे तोंड करून काडी बसवत होती, हात डिंकाने भरलेले. शामकलाबाई नसल्याने फोनही तिच्याकडेच, फळीवर गंजात. संघदीप माझ्या शेजारी. शामकलाबाई दाराबाहेर भिंतीला टेकून.

फोन वाजला. रंजिताने दोन बोटांच्या चिमटीत तो उचलला आणि स्पीकर लावून पुन्हा गंजात टाकला.

"दीदी, वो छोटा सारस चाहिए, बारासौ वाला," चंद्रकुमारचा आवाज आला. हवालदाराच्या थाटात बोलत होता गडी. "अभी भेज रहा हूँ. फोन मत रखना."

"हां भैया, भेजिए," रंजिता म्हणाली आणि काडीवर वाकली.

क्षणभराने माजघरात बाईचा खणखणीत आवाज घुमला. "बारह सौ रुपये प्राप्त हुए."

"आ गया भैया," रंजिता म्हणाली. हात पुसले, उठली, कपाटातून छोटं सारस काढलं आणि कागद फाडायला घेतला.

"पैसे आले?" मी विचारलं.

"आले ना. डबी बोलली आत्ता."

"कोणत्या भाषेत?"

तिचा हात कागदावरच थांबला. तिने डबीकडे पाहिलं, मग गंजाकडे. गंजातून चंद्रकुमार विचारत होता, "बाई, बराबर हुआ ना?"

"तुझी डबी मराठी बोलते, रंजिता. पहिल्या दिवसापासून. काल माझ्यासमोर 'तीनशे रुपये मिळाले' म्हणाली. प्राप्त हुए ती कधीच म्हणत नाही. म्हणजे कंपनी खरं बोलली, डबी गप्प होती. आणि या तिघांनीही खरंच ऐकलं. बोलला तो फोन. चोराने असाच आवाज भरून ठेवला होता, फोन न ठेवता वाजवला. डबीच्या शेजारीच फोन, तोही गंजात, म्हणून आवाज अंगणापर्यंत गेला. बोलणाऱ्याची पाठ डबीकडे, हात डिंकात. शामकलाबाई त्याच्याशी हिंदीत बोलल्या, म्हणून त्याला वाटलं या घरातली डबीही हिंदीच असणार. तिथे तो चुकला. पण त्याची चूक आपल्यापैकी एकालाही कळली नाही. मलाही नाही, कारण आपले कान तसेच आहेत."

संघदीप डोकं धरून खाली बसला. "आत्या, डबी मीच मराठीत लावली होती. अन् मीच तुले हिंदीत सांगितलं."

रंजिताचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. तिला दारातली सावली दिसली होती.

"काकू," ती म्हणाली. हातातला कागद तसाच घेऊन ती दारापर्यंत गेली आणि रडायला लागली. "काकू, मीही फसली. जसं तुम्ही बांधलं तसंच मीही बांधून राहिली होती. माझं चुकलं."

शामकलाबाई भिंतीपासून सरळ झाली.

"मले चोर म्हणली त्याचं एवढं नाई," ती म्हणाली. "मागून म्हणली त्याचं आहे. पुढं कधी संशय आला तर माझ्या तोंडावर म्हणजो. मी दोन शिव्या देईन अन् खरं का ते सांगीन. एवढंच होतं ते. त्यासाठी तू मले घरी बसवलं."

"हो."

"चल, माझी बस आहे."

ती वळली. मी तोंड उघडणार होते, पण आत फोन पुन्हा वाजला. संघदीपने गंजात डोकावून पाहिलं. "तोच नंबर आहे. हॉटेलवाला." तो दबक्या आवाजात म्हणाला, "सायबरवाल्यांकडे परवाच तक्रार टाकून ठेवली आहे मी, हा कॉलही रेकॉर्ड होईल. बोलत ठेवा त्याले."

मी रंजिताकडे पाहिलं. तिने वाजता फोन गंजातून काढला, पण स्वतः घेतला नाही. डिंकाच्या हाताने तो शामकलाबाईपुढे धरला.

"काकू, पैसे आले का नाई ते या दुकानात तुम्हीच पाहता," ती म्हणाली. "तुम्हीच घ्या."

शामकलाबाई उंबऱ्यावर थांबली. फोन वाजतच होता. मग तिने पदराला हात पुसले, आत येऊन फोन घेतला आणि स्पीकर लावला.

"हां साहब, बोलिए."

"दीदी, चौथा वाला भी पैक कर दो. मैं अभी भेज रहा हूँ, फोन मत रखना."

तिच्या हातातून आवाज आला. "आठ हजार रुपये प्राप्त हुए." फळीवरची डबी ढिम्म होती. आम्ही चौघांनी ती ढिम्म पाहिली.

"आ गया ना दीदी?"

"हां साहब, पैसा सुन लिया," शामकलाबाई म्हणाली. "अब आप चित्र सुन लो. दो सारस है. एक की गर्दन ऊपर है, एक की नीचे. पीछे धान का बांध है. पैर के पास थोडा पानी है. हो गया. आपने जैसा पैसा दिया, हमने वैसा चित्र दिया."

पलीकडून फोन बंद झाला. संघदीप हसता हसता भिंतीला टेकला, मी हसले, रंजिताला हसावं की रडावं कळेना.

शामकलाबाईने फोन फळीवर ठेवला, गंज उचलून काखोटीला मारला. "हा स्वयंपाकघरात जाईल. अन् पैसे आले का ते खात्यात कसं पाहतात, ते मले शिकव, आत्ताच." मग रंजिताकडे न पाहता म्हणाली, "पयले सायकलवरची थैली काढून आण. भाजी आहे तिच्यात, उन्हात सुकून जाईल."